मागच्या सीटवरचा रेडिओमन : दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदल विमानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅसिफिकमधल्या लढायांचा विषय निघाला की विमानवाहू जहाजं, अ‍ॅडमिरल आणि वैमानिक यांच्याबद्दल भरपूर बोललं जातं. त्या विमानांत वैमानिकाच्या मागे, बहुतेक वेळा त्याच्याकडे पाठ करून, आणखी एक जण बसलेला असायचा. त्याचं नाव यादीत दुसरं किंवा तिसरं येतं आणि वाचणारा तिथवर पोचतच नाही. या पानावर त्याच्याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. भर अमेरिकी नौदलावर आहे, इतर नौदलांचा उल्लेख ओघात येईल.

रेडिओमन म्हणजे नेमका कोण? अधिकारी होता का?

नाही. तो भरती झालेला खलाशी होता. बिनतारी यंत्रणेचं शिक्षण घेऊन थर्ड क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि मग चीफ अशा पायऱ्या चढायचा. १९४२ पर्यंत जहाजावरच्या आणि विमानातल्या दोघांनाही रेडिओमनच म्हणत. त्या वर्षी विमानातल्यांसाठी एव्हिएशन रेडिओमन हा वेगळा वर्ग झाला. वय बहुतेकांचं अठरा ते बावीस.

वैमानिक मात्र बहुधा अधिकारी. त्यामुळे एक विचित्र नातं तयार व्हायचं. हवेत दोघांचा जीव एकाच इंजिनावर टांगलेला आणि जहाजावर परतलं की जेवणाची टेबलंसुद्धा वेगळी. अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात पांढऱ्या चादरी असायच्या, खाली खलाशांच्या मेसमध्ये पत्र्याची ताटं. काही जोड्या वर्षभर एकत्र उडाल्या तरी मागचा पुढच्याला ‘मिस्टर अमुक’ असंच म्हणत राहिला.

त्याचं काम फक्त संदेश पाठवायचं होतं?

नाव तसं असलं तरी प्रत्यक्षात संदेश पाठवण्याचं काम सगळ्यात कमी. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून मोहिमेचा बहुतेक वेळ रेडिओ मौन असायचं. कानाला हेडफोन लावून ऐकत राहायचं, पण टिंब-रेघांच्या मोर्स लिपीच्या किल्लीला हात लावायचा नाही. जवळच्या विमानांशी आवाजात बोलण्याचा रेडिओ वैमानिक स्वतः वापरायचा. लांबवर, शेकडो मैलांवर काही कळवायचं असेल तर मोर्स, आणि तिथे रेडिओमन लागायचा.

बाकीचा वेळ तो मशीनगन सांभाळायचा, मागचं आणि वरचं आकाश न्याहाळायचा, पुढे रडार आल्यावर रडारच्या पडद्यावर डोळे लावून बसायचा, आणि बिघडलेली यंत्रणा हवेतच दुरुस्त करायची वेळ आली तर तीही करायचा. सुरुवातीच्या संचांत वारंवारितेचा पट्टा बदलायचा तर आख्खी कॉइल उपसून दुसरी बसवावी लागे. जाड हातमोजे घालून, हलत्या विमानात, मांडीवर गन आणि पायाशी काडतुसांच्या पेट्या असताना हे करायचं.

काही विमानांत लांब पल्ल्यासाठी मागे सोडायची तारेची अँटेना असायची. टोकाला वजन बांधलेली ती तार रिळावरून हळूहळू सोडायची आणि उतरण्याआधी आठवणीने गुंडाळून घ्यायची. विसरलं तर वजनासकट तार गेलीच म्हणून समजा, वर ओरडा खायचा तो वेगळाच.

कोणत्या विमानांत रेडिओमन असायचा?

डग्लस डॉन्टलेस आणि नंतरच्या हेलडायव्हर या डाइव्ह बाँबर, म्हणजे सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांत वैमानिकामागे एकटा. डग्लस डेव्हास्टेटर आणि ग्रमन अ‍ॅव्हेंजर या टॉर्पेडो विमानांत साधारण तिसरा माणूस. युद्धनौका आणि क्रूझरवरून उडवल्या जाणाऱ्या सीगल, किंगफिशर यांसारख्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांत मागच्या सीटवर. कॅटालिनासारख्या मोठ्या उडत्या नौकांत तर एकाहून अधिक. लढाऊ विमानं एकआसनी होती, तिथे त्याची गरज नव्हती.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. मागच्या सीटवरचा प्रत्येक जण रेडिओमन नव्हता. यंत्रदुरुस्तीचे लोकही गनर म्हणून जायचे. यादीतलं पद बघितल्याशिवाय ‘मागे बसला म्हणजे रेडिओमन’ असं धरून चालू नये.

डाइव्ह बाँबर सूर मारतो तेव्हा मागच्याला काय दिसायचं?

फक्त आकाश. डॉन्टलेस साधारण १५ ते २० हजार फुटांवरून सुमारे ७० अंशांच्या कोनात खाली झेपावायचं. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर शत्रूचं जहाज मोठं होत जायचं. रेडिओमन उलटा बसलेला, म्हणजे समुद्र त्याच्या पाठीमागे. पाठीवर पडत पडत तो आपण जिथून आलो ते निळं आकाश लांब जाताना बघत राहायचा. मागून दुसरी डॉन्टलेस येताना दिसायची, आणि नशीब वाईट असेल तर झिरो हे जपानी लढाऊ विमान.

पंखांच्या मागच्या कडेचे भोकांचे ब्रेक उघडलेले असल्यामुळे विमान थरथरायचं. उंची हजारो फुटांनी बदलत असल्यामुळे कानांत दडे बसायचे. दीड-दोन हजार फुटांच्या आसपास बाँब सुटायचा आणि वैमानिक विमान ओढून सरळ करायचा. त्या ओढीत रक्त पायांकडे जायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. वैमानिकाला निदान कळत असायचं की आता ओढणार आहोत, कारण ओढणारा तोच. मागच्याला सगळं अंदाजाने.

आणि मग त्याचं खरं काम सुरू व्हायचं. पाण्यालगत पळताना मागे लागलेल्या विमानांना दोन जोड नळ्यांच्या .३० कॅलिबर मशीनगनने रोखायचं, आणि जमलं तर बाँब कुठे पडला तेही बघायचं. वैमानिकांच्या अहवालांत ‘जहाजावर थेट बाँब’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो पडताना पाहिला कोणी, हा प्रश्न विचारावा. पुष्कळदा पाहणारा मागचा असायचा.

अ‍ॅव्हेंजरमध्ये त्याची जागा कुठे होती?

पोटात. अ‍ॅव्हेंजर हे दांडगं विमान. वर काचेच्या घुमटात .५० कॅलिबर गन घेऊन टरेट गनर, आणि त्याच्या खाली, शेपटीकडच्या पोकळीत रेडिओमन. उजव्या बाजूला छोटं दार, दोन्हीकडे लहान खिडक्या, समोर रेडिओचे खोके, रडारचा पडदा, आणि मागच्या बाजूला पोटाखालून मारा करणारी .३० कॅलिबर गन. नंतरच्या विमानांत वैमानिक आणि मागचा भाग यांच्यामध्ये उपकरणं भरलेली असल्यामुळे पुढे सरकून वैमानिकापर्यंत जाण्याची सोय उरली नव्हती. दोघांना जोडणारी एकच गोष्ट, इंटरकॉमची तार. ती तुटली की मागच्याला पुढे काय चाललंय ते कळायचा मार्ग बंद.

पॅराशूट छातीला अडकवायचं असे, पण त्या अडचणीत ते घालून काम होत नसे. ते जवळच ठेवलेलं असायचं. उडी मारायची वेळ आली तर शोधा, अडकवा, दार ढकला आणि पडा, हे सगळं गिरक्या घेणाऱ्या विमानात. पुढच्या काही उत्तरांत बरेच वैमानिक वाचलेले आणि मागचे गेलेले दिसतील. त्याचं मोठं कारण या रचनेत आहे.

इतक्या मोठ्या समुद्रात आपलं जहाज सापडायचं कसं?

विमान उडाल्यावर जहाज जागेवर थांबत नाही. तीन-चार तासांनी परत यायचं तेव्हा ते कित्येक मैल सरकलेलं असतं. नकाशा, होकायंत्र आणि वाऱ्याचा अंदाज यांवर बरंचसं भागायचं. उरलेल्यासाठी अमेरिकी नौदलाने एक झकास युक्ती काढली होती.

जहाजाच्या डोलकाठीवर गोल फिरणारी अँटेना बसवलेली असे, तिचं नाव वाय-ई. तिच्याभोवतीचं वर्तुळ तीस-तीस अंशांच्या बारा फाकांत विभागलेलं. प्रत्येक फाकेकडे तोंड झालं की अँटेना मोर्समध्ये वेगळं अक्षर पाठवायची. विमानात झेड-बी नावाचा रिसीव्हर असे. समजा हेडफोनमध्ये ‘एन’ ऐकू आलं आणि आजच्या तक्त्यात ‘एन’ म्हणजे ईशान्येची फाक, तर आपण जहाजाच्या ईशान्येला आहोत, म्हणून तोंड नैर्ऋत्येला वळवायचं. अक्षरांचा क्रम बदलत राहायचा, त्यामुळे शत्रूने ऐकलं तरी त्याला त्याचा उपयोग नव्हता. शिवाय या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, क्षितिजापलीकडच्या जहाजांना त्या मिळतच नसत.

याच कारणाने विमान खाली असलं की ऐकू येणंही बंद. लढाईनंतर पाण्यालगत पळणाऱ्या विमानाला आधी उंची घ्यावी लागे, आणि टाकीत तेवढं इंधन नसेल तर पंचाईत. खरखरीतून पुसटसं अक्षर ओळखायचं म्हणजे कान तयार हवेत. अक्षर वैमानिकालाही ऐकू यायचं, पण दिवसभर मोर्स ऐकणाऱ्याचा कान वेगळा.

शिक्षण किती दिवसांचं आणि कुठे?

युद्धाआधी बरंच काही हाताखाली काम करतच शिकलं जायचं. पुढे माणसं हजारांनी लागू लागली तेव्हा रांगच लागली. आधी खलाशाचं प्राथमिक शिक्षण, मग टेनेसीतल्या मेम्फिसजवळ किंवा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलसारख्या ठिकाणी रेडिओ शाळा, मग गनरी, मग रडार, आणि शेवटी ठरलेल्या वैमानिकाबरोबर सराव. अ‍ॅव्हेंजरच्या जोड्या जमवण्यासाठी फोर्ट लॉडरडेलचा तळ प्रसिद्ध होता.

रेडिओ शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोर्स ऐकून फक्त मोठ्या अक्षरांच्या टाइपरायटरवर उतरवायचं. अर्थ नसलेले पाच-पाच अक्षरांचे गट, म्हणजे अंदाजाने शब्द पुरा करायची सोय नाही. विमानात टाइपरायटर नाही, तिथे पेन्सिल आणि मांडीला बांधलेलं पॅड.

पगार काय मिळायचा?

जून १९४२ च्या कायद्याप्रमाणे थर्ड क्लासचा मूळ पगार महिना ७८ डॉलर, सेकंड क्लासचा ९६, फर्स्ट क्लासचा ११४. उड्डाणाच्या कामावर असलेल्याला मूळ पगाराच्या निम्मा भत्ता वर. म्हणजे थर्ड क्लासवाल्याच्या हातात ११७ डॉलर, शिवाय समुद्रावरचा थोडा भत्ता. अनेकांनी विमान मागून घेतलं त्याला हे एक कारण होतंच.

मिडवेच्या लढाईत रेडिओमन लोकांचं काय झालं?

या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर.

४ जून १९४२, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ. ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) आठची १५ डेव्हास्टेटर विमानं निघाली. प्रत्येकात या वेळी दोघेच, एकूण ३० जण. टॉर्पेडो टाकायचा तर शंभर फुटांच्या आसपास किंवा त्याहून खाली येऊन, सरळ रेषेत, वेग कमी ठेवून जावं लागे. जपानी झिरो विमानं वरून तुटून पडली. लढाऊ विमानांचं संरक्षण सोबत नव्हतं. १५ पैकी १५ विमानं पडली आणि वाचला तो एक जण, एन्साइन (सगळ्यात कनिष्ठ अधिकारी) जॉर्ज गे. त्याचा रेडिओमन रॉबर्ट हंटिंग्टन. गोळ्या लागल्यावर त्याने इंटरकॉमवरून जॉर्ज गे याला आपल्याला लागल्याचं सांगितलं आणि नंतर मागून काही आवाज आला नाही. गेने पाण्यात उतरून सीटच्या उशीखाली डोकं लपवत दिवस काढला. त्याची मुलाखत, त्याचे फोटो जगभर गेले. मागच्या पंधरा जणांपैकी मुलाखत द्यायला कोणीच उरलं नव्हतं.

त्याच स्क्वाड्रनची सहा नवी कोरी अ‍ॅव्हेंजर विमानं त्या दिवशी मिडवे बेटावरून उडाली होती. या विमानाची ती पहिलीच लढाई. परत आलं एक, एन्साइन बर्ट अर्नेस्टचं. त्यातला रेडिओमन हॅरी फेरियर सतरा वर्षांचा होता. वर टरेटमध्ये बसलेला गनर जे मॅनिंग पहिल्या काही हल्ल्यांतच मारला गेला आणि त्याचं रक्त खाली फेरियरच्या जागेत ठिबकू लागलं. हायड्रॉलिक नळ्या फुटल्याने शेपटीचं चाक खाली पडलं आणि नेमकं फेरियरच्या गनसमोर आडवं आलं, म्हणजे गोळीबारही थांबला. पाठोपाठ त्याच्या डोक्याला गोळी चाटून गेली आणि शुद्ध हरपली. शुद्धीवर आला तेव्हा विमान अजून हवेत होतं. अर्नेस्टच्या हातातल्या दांड्याला शेपटीकडून काही प्रतिसाद मिळत नव्हता. विमान पाण्यात जाणार असं वाटत असतानाच त्याने सवयीने ट्रिमचं (नाकाचा कल बारीक बदलायचं) चाक फिरवलं आणि नाक वर आलं. त्या चाकावर विमान चालवत, होकायंत्र बिघडलेलं असताना, त्याने मिडवे गाठलं आणि एका चाकावर उतरवलं. अंगावर सत्तरच्या आसपास भोकं असलेल्या त्या विमानाचे फोटो आजही बघायला मिळतात. फेरियर पुढे नौदलातच राहिला आणि कमांडर पदावरून निवृत्त झाला.

तिसरी गोष्ट लॉइड चिल्डर्सची, ‘यॉर्कटाउन’ जहाजावरच्या टॉर्पेडो स्क्वाड्रन तीनमधल्या रेडिओमनची. त्या दिवशी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. पायांत गोळ्या, गन अडकलेली. त्याने कमरेचं .४५ पिस्तूल काढून झिरोवर झाडलं. त्याचा काही उपयोग होणार नाही हे त्यालाही कळत असणार, पण हात बांधून बसण्यापेक्षा ते बरं. त्याचा वैमानिक हॅरी कॉर्ल याने विमान कसंबसं परत आणून ‘मोनाहन’ या विनाशिकेजवळ पाण्यात उतरवलं आणि दोघांनाही उचलून घेतलं गेलं. चिल्डर्स नंतर मरीन कोअरमध्ये गेला, स्वतः वैमानिक झाला आणि व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर स्क्वाड्रनचा प्रमुख होता. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आलेला माणूस म्हणून मला त्याची गोष्ट सगळ्यात आवडते.

टॉर्पेडो विमानांच्या बलिदानामुळे झिरो खाली ओढली गेली आणि म्हणून डाइव्ह बाँबर मोकळे सुटले, ही मांडणी अर्धीच खरी आहे. स्क्वाड्रन आठचा हल्ला डाइव्ह बाँबर पोचण्याच्या तासभर आधीचा. स्क्वाड्रन तीनच्या हल्ल्याची वेळ मात्र खरोखर जुळून आली.

वैमानिकाला गोळी लागली तर रेडिओमन विमान चालवू शकायचा का?

डॉन्टलेसच्या मागच्या भागात काढता-घालता येणारा दांडा होता. बरेच वैमानिक आपल्या रेडिओमनला सरावाच्या उड्डाणात थोडं शिकवून ठेवायचे. जहाजावर उतरवणं मात्र त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. जमलं तर समुद्रापर्यंत सरळ न्यायचं, एवढंच. अ‍ॅव्हेंजरच्या पोटात बसलेल्याकडे तेही नव्हतं.

शत्रूच्या हाती लागलेल्यांचं काय झालं?

वाईट झालं. मिडवेला ‘एंटरप्राइज’वरच्या एका डॉन्टलेसचं इंधन संपलं. वैमानिक फ्रँक ओ’फ्लॅहर्टी आणि मागच्या सीटवरचा ब्रूनो गायडो यांना जपानी विनाशिका ‘माकिगुमो’ने पाण्यातून उचललं, चौकशी केली आणि काही दिवसांनी वजनं बांधून समुद्रात टाकून दिलं. गायडो यंत्रदुरुस्ती विभागाचा होता, रेडिओमन नव्हे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जहाजावर आदळायला येणाऱ्या जपानी बाँबरवर त्याने डेकवर उभ्या असलेल्या विमानात उडी मारून मागची गन चालवली होती, त्याबद्दल अ‍ॅडमिरल हॅल्सीने त्याला तिथल्या तिथे बढती दिली होती.

जपानच्या दक्षिणेकडच्या चिचिजिमा बेटावर पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना आणि विमानातल्या इतरांनाही ठार मारण्यात आलं. युद्धानंतर ग्वाममध्ये खटले चालले आणि तिथला सेनापती योशिओ ताचिबाना याला १९४७ मध्ये फाशी झाली.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या विमानात रेडिओमन कोण होता?

जॉन डेलेनी. २ सप्टेंबर १९४४ ला ‘सॅन हासिंतो’ जहाजावरून बुश यांचं अ‍ॅव्हेंजर याच चिचिजिमावर गेलं. लक्ष्य होतं तिथलं रेडिओ केंद्र. नेहमीचा गनर लिओ नाडो होता, पण त्या दिवशी लेफ्टनंट विल्यम व्हाइट यांनी त्याची जागा मागून घेतली. सूर मारतानाच विमानाला तोफेचा मारा लागला. बुश यांनी बाँब टाकले, विमान समुद्राकडे वळवलं आणि उडी मारली. मागच्या दोघांपैकी एकाने उडी मारली, पण त्याचं पॅराशूट उघडलं नाही. दुसरा विमानाबरोबर गेला. कोण कुठला, हे कधीच ठरलं नाही. बुश रबरी तराफ्यावर काही तास तरंगत राहिले आणि ‘फिनबॅक’ पाणबुडीने त्यांना उचललं. दोघांसाठी आपण पुरेसं केलं का, हा प्रश्न त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखवला होता.

पाण्यात उतरल्यावर वाचण्याची शक्यता किती?

१९४२ मध्ये थोडी, १९४४ पर्यंत बरीच चांगली. फरक पडला तो पाणबुड्या आणि पाण्यावर उतरणारी विमानं खास बचावासाठी उभी ठेवायला लागल्यामुळे.

याचं नमुनेदार उदाहरण पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांवरच्या जपानी तळावरील हल्ल्याचं, एप्रिल १९४४ अखेरचं. ‘नॉर्थ कॅरोलायना’ युद्धनौकेवरचा वैमानिक जॉन बर्न्स आणि त्याचा रेडिओमन ऑब्री गिल यांनी छोटं किंगफिशर विमान शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात समुद्रावर उतरवलं आणि पडलेल्या वैमानिकांना गोळा करायला सुरुवात केली. विमान दोघांचं, आत जागा कुठली! माणसं पंखांवर बसली. एवढ्या वजनाने उडणं अशक्य, म्हणून बर्न्सने ते होडीसारखं पाण्यावरून चालवत ‘टँग’ या पाणबुडीपर्यंत नेलं. ‘टँग’ने त्या मोहिमेत एकूण २२ जणांना वाचवलं. पंखांवर दाटीवाटीने बसलेल्यांचा फोटो शोधून जरूर बघा.

दुसरी रात्र २० जून १९४४ ची. फिलिपीन समुद्रात दोनशेहून अधिक विमानं संध्याकाळी लांबवर पाठवली गेली आणि अंधारात परतली. पाणबुड्यांचा धोका पत्करून अ‍ॅडमिरल मिश्चर यांनी जहाजांचे दिवे लावायला सांगितले. तरीही ८० च्या आसपास विमानं इंधन संपून समुद्रात पडली किंवा उतरताना मोडली. त्यांतली बहुतेक माणसं रात्रीत आणि पुढच्या दिवसांत सापडली. आदळायच्या आधी रेडिओमनची घाई ठरलेली : सैल असलेली प्रत्येक वस्तू बाहेर फेकायची, रबरी तराफा हाताशी घ्यायचा, पाठ टेकून बसायचं.

वैमानिकाला आणि रेडिओमनला सारखीच पदकं मिळायची का?

सर्रास नाही. टॉर्पेडो स्क्वाड्रन आठचंच घ्या. वैमानिकांना नेव्ही क्रॉस, मागच्यांना त्याखालचं डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. विमान एक, मृत्यू एक, पदक वेगळं. निर्णय वैमानिक घेतो, हा त्यामागचा युक्तिवाद. माझ्या मते तो लंगडा आहे : ज्याच्या हातात निर्णय नसतो त्याला जागेवर टिकून राहायला कमी धैर्य लागतं, असं म्हणायला आधार काय? हंटिंग्टनच्या बाबतीत नौदलाने थोडी भरपाई केली. १९४५ मध्ये सेवेत आलेल्या एका विनाशिकेला ‘रॉबर्ट के. हंटिंग्टन’ हे नाव दिलं गेलं.

स्त्रिया किंवा कृष्णवर्णीय रेडिओमन होते का?

१९४२ मध्ये सुरू झालेल्या ‘वेव्ह्ज’ या महिला दलातल्या स्त्रिया किनाऱ्यावर रेडिओ ऑपरेटर होत्या, गनरीच्या प्रशिक्षकही होत्या. लढाईच्या विमानांत त्यांना जागा नव्हती. कृष्णवर्णीयांना १९४२ च्या मध्यापर्यंत अमेरिकी नौदलात जवळजवळ फक्त अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षातलीच कामं मिळत.

ब्रिटिश नौदलात अशी माणसं होती का?

होती. तिकडे टेलिग्राफिस्ट एअर गनर म्हणत. स्वोर्डफिश या उघड्या, दोन पंखांच्या विमानात वैमानिक, ऑब्झर्व्हर आणि तिसरा हा. नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीच्या टारांटो बंदरावर हल्ला झाला तेव्हा जास्तीची इंधनटाकी बसवायला जागा करायची म्हणून या तिसऱ्याला चक्क जहाजावर ठेवून गेले. १२ फेब्रुवारी १९४२ ला इंग्लिश खाडीत जर्मन युद्धनौकांवर सहा स्वोर्डफिश गेली तेव्हा मात्र तो होता. १८ पैकी १३ जण मेले. वाचलेल्यांतला डोनाल्ड बन्स हा असाच एक गनर.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

अमेरिकी रेडिओमनशी थेट नाही, ओढूनताणून जोडायचाही नाही. महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे स्वतःचं विमानदळच नव्हतं. पण नौदलाच्या बिनतारी शिक्षणाशी मुंबईचा संबंध घट्ट आहे. कुलाब्याचं ‘तलवार’ हे संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा उठाव तिथूनच सुरू झाला. पुढाकार घेणाऱ्यांत बी. सी. दत्त, मदन सिंग हे टेलिग्राफिस्टच होते. दिवसभर जगाच्या बातम्या कानावर पडणारी माणसं ती.

स्वतंत्र भारतात ‘विक्रांत’वरच्या अलिझे विमानात तिघे बसायचे आणि तिसरी जागा खलाशी असलेल्या एअरक्रूमनची असायची. १० डिसेंबर १९७१ ला पश्चिम किनाऱ्यावरचं एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं, त्यात लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि लेफ्टनंट सिरोही यांच्याबरोबर एअरक्रूमन विजयनही गेले. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे अलिझे उभं आहे. आत किती जागा असेल याचा अंदाज बाहेरूनही येतो.

बर्म्युडा त्रिकोणात हरवलेली ‘फ्लाइट १९’ म्हणजे हीच विमानं ना?

हो, पाच अ‍ॅव्हेंजर, १४ माणसं, ५ डिसेंबर १९४५, फोर्ट लॉडरडेलहून सरावासाठी निघालेली. युद्ध तेव्हा संपलेलं होतं. प्रमुखाचा आपण कुठे आहोत याबद्दल गैरसमज झाला, अंधार पडला, हवा बिघडली आणि इंधन संपलं. त्यांचं बोलणं किनाऱ्यावर ऐकू येत होतं. भुताखेतांची गरज नाही.

युद्धानंतर ही माणसं काय करू लागली?

बरीच जण सरकारी शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेली. रेडिओ आणि टेलिव्हिजनचा धंदा तेव्हा जोरात होता, हात तयार असलेल्यांना कामाची वाण नव्हती. काही फेरियरसारखी नौदलातच राहिली. विमानातली उपकरणं वाढत गेली, आवाजातलं बोलणं सोपं झालं आणि मोर्स मागे पडत गेलं. १९४८ मध्ये हा वर्ग नव्या इलेक्ट्रॉनिक्स वर्गात विलीन झाला.

एखाद्या रेडिओमनची माहिती शोधायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

सेवा संपून ६२ वर्षं झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या फायली सार्वजनिक अभिलेखात जातात आणि सेंट लुईस इथल्या केंद्रातून कोणालाही मागवता येतात. १९७३ मध्ये तिथे लागलेल्या आगीत भूदल आणि हवाई दलाच्या लाखो फायली जळाल्या, नौदलाच्या वाचल्या. त्यामुळे नौदलाचा माणूस शोधणं तुलनेने सोपं.

पण फायलीच्या आधी स्क्वाड्रन शोधा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या युद्धदैनंदिन्या आणि मोहिमेनंतरचे अहवाल आहेत, पुष्कळसे ऑनलाइन. जहाजांच्या हजेरीपटांत खलाशांची नावं सापडतात. अधिकाऱ्यांची त्यांत नसतात, म्हणजे इथे मागच्या सीटवरचा पुढे आहे! पॅसिफिकमध्ये मृतदेह न सापडलेल्यांपैकी पुष्कळांची नावं होनोलुलूच्या पंचबोल स्मशानभूमीतल्या भिंतींवर कोरलेली आहेत. शोधताना आडनावाची दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगं करून बघा आणि पद १९४२ च्या आधीचं की नंतरचं यावरून संक्षेप बदलतो हे ध्यानात ठेवा : आधी आर-एम, नंतर ए-आर-एम. नुसतं एकच टाकून शोधलं तर त्याच माणसाची निम्मी कागदपत्रं हाती लागत नाहीत.